कांद्याच्या बरणीला राखण कुणाची?

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडला आणि मृग तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एकच वास यायला लागतो. एरवी लोणच्याला पाणी सुटलं, पापड लाल पडले, मुरांबा दगड झाला असे शंभर प्रकार. मे महिन्यात मात्र कांदा. यंदा जोडीला गच्चीवरचे टोमॅटो आहेत आणि एक निळा पडलेला लसूणही आहे. मी राहते निफाड तालुक्यात आणि माझी सगळी नोकरी बचत गटांतल्या बायकांना फळप्रक्रिया शिकवण्यात गेली, त्यामुळे कांद्याला जरा जास्त जागा गेली तर संपादकांनी समजून घ्यावं.

वर्गात मी कुठल्याही बरणीबद्दल आधी एकच विचारायची: हिची राखण कोण करतंय? आंबट, मीठ, साखर, ऊन की फ्रीज? नाव सांगता आलं नाही तर ती बरणी भरूच नका. खालची बहुतेक उत्तरं त्याच प्रश्नाची आहेत.

प्रश्न : नमस्कार बाई. चांदवडच्या मामांनी गोल्टीचं, म्हणजे बारक्या कांद्याचं, अख्खं पोतं पाठवलंय. बाजारात नेलं तर गाडीभाडंही सुटणार नाही म्हणाले. मागे एका हॉटेलात बर्गरबरोबर कांद्याचं आंबटगोड रेलिश खाल्लं होतं, तसं करावं म्हणून चिरलेला कांदा, व्हिनेगर, साखर सगळं एकत्र शिजत लावलं. तासभर झाला, रस आटून खाली लागायला आला, तरी कांदा कचकचीतच. कच्चा लागतो. नेमकं काय चुकलं? आणि हे बाहेर किती दिवस टिकतं? (एक वाचक, चिंचवड)

मामांना माझाही नमस्कार कळवा. रेलिशला गोल्टीच बरी, चकत्या लहान आणि एकसारख्या पडतात. पोत्यात डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, असतील तर मात्र आधी बाजूला काढा. त्यांच्या मधल्या दांड्याचा कितीही शिजवला तरी चोथाच राहतो. गोल्टी सोलण्याचा कंटाळा येतो म्हणून बायका ती टाळतात. उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायची, लगेच गार पाण्यात काढायची, शेंडा आणि बूड उडवायचं. साल चिमटीत सुटून येते.

आता कचकचीतपणा. आमटीत आमसूल आधी पडलं की डाळ शिजता शिजत नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. इथे तेच झालंय. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि आंबट रसात हे पेक्टिन सहजी सुटत नाही. त्यात साखर पाणी ओढून घेते, फोड आणखी आवळते. तुम्ही कांद्याला पहिल्या मिनिटापासून व्हिनेगर आणि साखरेत बसवलंत, मग तो मऊ पडणार कधी? तास काय, दोन तास ठेवलं असतंत तरी रस करपला असता आणि कांदा तसाच राहिला असता. कांदा आधी, आंबट नंतर. सगळी मेख एवढीच आहे.

माझं प्रमाण असं: सोललेला कांदा १ किलो, मीठ २० ग्रॅम, व्हिनेगर ५०० मिली, साखर २५० ग्रॅम, भरड कुटलेली मोहरी दोन चमचे, दहाबारा मिरे, चार सुक्या मिरच्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं किसून. तेल नाही. कांद्याच्या पातळ चकत्या करून मीठ चोळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग त्याच सुटलेल्या पाण्यासकट जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घाला, झाकण ठेवा, गॅस अगदी बारीक. पितळ, तांबं, लोखंडाची कढई, ॲल्युमिनियम यातलं काहीही नको. व्हिनेगर त्यांना खातं आणि ते रेलिशमध्ये उतरतं. पंधरावीस मिनिटांनी झाकण काढलंत की पांढऱ्या चकत्या काचेसारख्या पारदर्शक दिसतील. एक उचलून दोन बोटांत दाबा. चिरडली तर पुढे जा, नुसती वाकली तर अजून पाच मिनिटं. इथे घाई करू नका, कारण व्हिनेगर पडलं की कांदा आहे तिथेच थांबतो.

मग झाकण काढून पाणी आटवा, व्हिनेगर आणि मसाला घाला, उकळी आली की साखर. खिडकी उघडी ठेवा आणि पातेल्यावर वाकून वास घेऊ नका, नाकात झिणझिण्या येतात. पुढे मंद आचेवर पाऊण तास धरा. शेवटची दहा मिनिटं मात्र तिथेच उभं राहायचं, फोन आला तरी. झालं का ते असं पाहायचं: उलथनं पातेल्याच्या तळावरून सरळ ओढायचं. रस लगेच धावत येऊन रेघ बुजवत असेल तर अजून वेळ आहे. रेघ क्षणभर कोरडी राहिली आणि मग दोन्ही बाजूंनी सावकाश मिटली की गॅस बंद. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून जॅमइतकं आटवू नका.

काचेच्या बरण्या आधी दहा मिनिटं पाण्यात उकळून, पालथ्या घालून निथळलेल्या हव्यात. गरम बरणीत गरम रेलिश भरायचं, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा सोडायची, काठ पुसून झाकण लावायचं. पावकिलोच्या चारेक बरण्या होतात. थोडं वर उरतं, ते त्या दिवशीच्या भाकरीबरोबर जातं. पण खरी चव दोन आठवड्यांनी येते. ताज्या रेलिशमध्ये व्हिनेगर वेगळं आणि कांदा वेगळा लागतो.

साखरेऐवजी गूळ चालेल का, असं पुढच्या पत्रात येणारच, म्हणून आत्ताच सांगते. रंग सुरेख येतो. पण गुऱ्हाळात रस निवळायला बहुतेक ठिकाणी चुना घालतात, आणि चुना आंबटपणा मारतो. निम्मा गूळ, निम्मी साखर इथवर माझी हरकत नाही. कांद्याचं बी, म्हणजे कलौंजी, घालायची हल्ली फॅशन आहे. मला आवडत नाही, कडसर लागतं. तुम्हाला आवडत असेल तर घाला.

बाहेर किती दिवस? माझं उत्तर: एकही दिवस नाही. फ्रीजमध्ये दोन महिने, कोरड्या चमच्याने. कारण सांगते. आंबटपणा मोजायच्या पीएच मापात आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. कांदा स्वतः पाचच्या वर असतो, आणि ४.६ च्या वर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला मोकळं रान मिळतं. त्याचे बीजाणू साध्या उकळीत मरत नाहीत. बंद बरणीत हवा नाही, ऊब आहे आणि आंबट कमी आहे, एवढं जमलं की ते विष तयार करतात; त्याला वास नाही, चव नाही. माझ्या प्रमाणात रेलिश ४.६ च्या बरंच खाली जातं. पण तुमचं व्हिनेगर किती तीव्र होतं, तुम्ही कांदा वजन करून घेतलात की अंदाजाने, हे मला इथे बसून कसं कळणार? जॅमच्या जुन्या बाटलीचं झाकण पुन्हा हवाबंद बसतं याचीही खात्री नाही. म्हणून राखणीला दोघं ठेवायचे, आंबट आणि फ्रीज.

प्रश्न : बाजारातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे निव्वळ केमिकल, असं आमच्या योगाच्या वर्गात सांगितलं. त्याऐवजी चिंच, लिंबू किंवा गोव्याहून आणलेलं माडाचं व्हिनेगर वापरलं तर? (कल्याण)

बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते असेटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं. आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्येही आंबटपणा त्याच असेटिक ॲसिडचा, फक्त वास आणि चव निराळी, आणि ती चांगली असते यात वाद नाही. परवडत असेल तर आंबवलेलं घ्या. बघायचा तो आकडा. आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुधा ४ टक्के असतं. परदेशी कृती ५ टक्के धरून लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांत 'निम्मं पाणी घाला' असेल तर ते आपल्या बाटलीला लागू नाही.

गोव्यातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मला फार आवडतं. विंदालूला दुसरं चालतच नाही. पण घरगुती बाटलीत आंबटपणा किती हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून ते त्या दिवशीच्या जेवणाला, साठवणीला नाही. चिंचेचंही तेच, दर गोळ्याची चव वेगळी. लिंबाचा रस चांगला आंबट असतो, पण किलोभर कांद्याला अर्धा लिटर रस काढलात तर ते लिंबाचंच लोणचं होईल.

प्रश्न : आमच्या परसातला लसूण सोलून व्हिनेगरमध्ये घातला. आठ दिवसांत पाकळ्या चक्क निळ्या-हिरव्या झाल्या! सासूबाई म्हणतात विष झालं, ओतून दे. (देवरुख)

ओतू नका. लसणातली गंधकाची संयुगं आणि त्याच्यातलीच अमिनो आम्लं आंबटात एकत्र आली की असा रंग धरतात. आधी थंडीत किंवा फ्रीजमध्ये राहिलेल्या लसणात हे जास्त दिसतं. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम असा लसूण घालतात, त्याला लाबा लसूण म्हणतात, आणि पाकळी हिरवीगार झाली तरच तो जमला म्हणायचं. सासूबाईंचा संशय एका बाबतीत मात्र रास्त आहे: तुम्ही व्हिनेगर तांब्या-पितळेच्या भांड्यात गरम केलं असेल तर तो हिरवा रंग भांड्याचा. मग टाकून द्या.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की 'उरलेला लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवलाय'. मला भीती आहे ती त्या बाटलीची. तेलात आंबट नाही, हवा नाही, आणि लसूण जमिनीतून येताना ते बीजाणू घेऊन येऊ शकतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमध्ये फ्रीजबाहेर राहिलेल्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले होते. तेलातला लसूण करायचा तर थोडा करा, पहिल्यापासून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. ओट्यावरची बाटली आज ओता. निळ्या पाकळ्या खुशाल खा.

प्रश्न : यजमानांना बीपी आहे म्हणून कैरीच्या लोणच्यात मीठ निम्मं केलं. महिन्यात फसफसलं. कमी मिठाचं लोणचं टिकवायची युक्ती सांगा. (पुणे)

युक्ती नाही. त्या लोणच्याची राखण मीठ करत होतं आणि वरचा तेलाचा थर करत होता. तुम्ही एकाला अर्ध्या पगारावर आणलंत. मीठ पूर्ण घाला आणि पानात लोणचं नखाएवढं वाढा. किंवा कैरीचा तक्कू करा, दोन दिवसांचा, मीठ हवं तेवढंच.

प्रश्न : रेलिशच्या बाटलीत झाकणाजवळ पांढरट बुरा आला आहे. वरचा थर काढून उरलेलं पुन्हा उकळून ठेवलं तर चालेल ना? इतकी महागाची साखर घातली आहे. (सातारा)

चालणार नाही. बुरशी दिसते वर, तिचे धागे खालपर्यंत गेलेले असतात, आणि काही बुरशांची विषं उकळून जात नाहीत. दुसरं म्हणजे बुरशी आम्ल खाते. जिथे ती वाढली तिथे आंबटपणा उतरलेला असतो, म्हणजे तुमचा राखणदारच कमी झालेला. सगळं टाका, बरणी सोडा घालून उकळा. पुढच्या वेळी काठ पुसल्याशिवाय झाकण लावू नका. झाकणाजवळ चिकटलेल्या एका चकतीपासून हे सुरू होतं.

प्रश्न : काकू, मी मिशिगनमध्ये असते. मागच्या अंगणात यंदाही टोमॅटो, कांदा, फरसबी लावली आहे. मागच्या वर्षी ऑक्टोबरात थंडीने गोठायच्या आत हिरवे टोमॅटो सगळे एकदम तोडावे लागले आणि निम्मे वाया गेले. शेजारीण बाटल्या उकळून कपाटात वर्षभर ठेवते. मला हिरवा टोमॅटो-कांदा रेलिश आपल्या चवीचं करायचंय, फोडणी देऊन. आणि फरसबी पण तशीच उकळून ठेवू का? आई म्हणते मोहरी फेसून घातली की काही होत नाही.

तू आत्ताच विचारलंस ते बरं केलंस, ऑक्टोबरात माझं उत्तर पोचेपर्यंत तुझे टोमॅटो पिकले असते किंवा गारठले असते.

तुझी शेजारीण करते ते वॉटर बाथ कॅनिंग. बाटल्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायच्या, झाकणावर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी हवं, आणि कृतीत लिहिलेली मिनिटं मोजून उकळायच्या. तुमच्याकडे त्या दोन भागांच्या झाकणाच्या मेसन बाटल्या किराणा दुकानात मिळतात याचा मला हेवा वाटतो. १८५८ मध्ये जॉन मेसनने आटे पाडलेल्या तोंडाच्या बाटलीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तिकडच्या बायकांची ती सोय झाली. बाटली गार होताना झाकण 'टक्' करून आत बसतं. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर बोट दाबून बघ. खालीवर होत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये, कपाटात नाही.

पण हा प्रकार फक्त आंबट पदार्थांसाठी. व्हिनेगरमधलं हिरव्या टोमॅटोचं रेलिश चालेल, नुसती फरसबी मुळीच नाही. फरसबी, मटार, मका, भेंडी यांच्यात आंबट नाही, आणि ते बीजाणू मारायला ११६ अंशांच्या आसपास तापमान लागतं. उघड्या पातेल्यातलं पाणी शंभरच्या वर जात नाही. त्यासाठी प्रेशर कॅनर लागतो. आपला डाळ-भाताचा कुकर त्या कामाचा नाही. तो लहान असतो, त्याला दाबाचा काटा नसतो, आणि तो लवकर तापतो-निवतो, तर त्या कृतींमधली मिनिटं मोठ्या कॅनरचं सावकाश तापणं-निवणं धरून ठरवलेली असतात. तू सरळ फरसबी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं काढ, बर्फाच्या पाण्यात टाक, निथळून फ्रीझरमध्ये भर. आईला सांग, फेसलेल्या मोहरीवर माझाही जीव आहे, पण तिच्या लोणच्यात मिठाचा आणि कैरीचा मोठा वाटा असतो. फरसबीत दोन्ही नाहीत.

रेलिशची कृती माझी घेऊ नकोस. कपाटात ठेवायचं तर प्रयोगशाळेत तपासलेलीच कृती हवी, आणि त्या तुझ्या दाराशी फुकट आहेत. तुमच्या राज्याच्या विद्यापीठाची एक्स्टेन्शन सेवा आहे, आणि जॉर्जिया विद्यापीठात घरगुती साठवणीचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथली हिरव्या टोमॅटोच्या रेलिशची कृती घे आणि त्यातलं कांदा, मिरची, टोमॅटो, व्हिनेगर यांचं माप हलवू नकोस. कांदा वाढवलास की आंबट पातळ झालं. मोहरी, मेथ्या, सुकं तिखट, हळद असे सुके मसाले तुझ्या मनाने बदल, त्याला हरकत नाही. जिथे लिंबाचा रस लिहिलाय तिथे बाटलीतला घ्यायचा, ताजा पिळलेला नाही, कारण बाटलीतल्याचा आंबटपणा ठरलेला असतो. त्यात लिहिलेली मिनिटंही गावाच्या उंचीप्रमाणे बदलतात, तेवढं बघून घे. आपल्याकडे पुण्या-नाशकातसुद्धा समुद्रकाठच्या दहा मिनिटांची पंधरा धरावी लागतात.

राहिली फोडणी. ती बरणीत नको. तेल असलेल्या बहुतेक कृती या पद्धतीने तपासलेल्या नसतात. बाटली उघडलीस, वाटीत रेलिश काढलंस की त्यावर हिंग-मोहरीची फोडणी चुरचुरीत ओत. तिकडे कढीपत्ता मिळाला तर दोन पानं. बारा महिने कपाटात राहिलेल्या फोडणीपेक्षा ही कितीतरी चांगली लागेल.

प्रश्न : गच्चीवर टोमॅटो खूप आले. प्युरी करून बाटलीत ठेवली, तिसऱ्या दिवशी झाकण उडालं. प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं घालू? (वर्धा)

टोमॅटो वाटतो आंबट, पण तो त्या ४.६ च्या रेघेवरच घुटमळतो. काही जाती, फार पिकलेली फळं रेघेच्या वरही जातात. तेव्हा लिटरभर प्युरीला अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालायचंच. रंग टिकवायचा असेल तर केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वापरू नका, ते टोमॅटोची लाली पार उतरवतं, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. सोडियम बेंझोएट लाल रंगाला काही करत नाही, पण तेही आंबटातच काम करतं आणि पाकिटावरच्या मापाने, चिमटीने नाही.

तुमच्या वर्ध्याच्या उन्हात मी असते तर प्युरीच्या भानगडीत पडले नसते. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून, वर मलमल बांधून गच्चीवर वाळवा, कडकडीत झाल्या की मिक्सरमधून काढा. आमटीत चमचाभर पुरते. कांद्याचंही तसंच करता येतं, मात्र पांढरा कांदा घ्या. वाळवणाच्या कारखान्यांत पांढराच वापरतात, कारण त्यात पाणी कमी आणि घट्ट गर जास्त. पाहुण्यांच्या घाईत तो वाळवलेला कांदा तळून पुलावावर टाकायला फार बरा पडतो. मृगाआधी उरका.

प्रश्न : घरच्यापुरते दोन पोती कांदे ठेवलेत. दरवर्षी श्रावणात निम्म्यांना कोंब फुटतात, काही काळे पडतात. म्हणून यंदा थोडे फ्रीजमध्ये ठेवले. आणि आत्ताच विकावेत की थांबावं? भाव कधी वाढेल? (येवला तालुका)

येवल्याच्या ताई, तुम्ही मला कांदा ठेवायला विचारताय म्हणजे गंमतच आहे. फ्रीजमधून आधी बाहेर काढा. कांदा टिकतो तो एकतर शून्य अंशाला, नाहीतर पंचवीस-तीस अंशांना. मधल्या गारव्यात, म्हणजे नेमकं घरच्या फ्रीजमध्ये, त्याची झोप मोडते आणि कोंब फुटतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' केंद्र सुरू केलं ते या कोंबांवर उपाय म्हणूनच. गॅमा किरणं दिली की कोंब फुटत नाही. पुढे २००७ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही तिथेच किरणं द्यायला लागले. आपल्या दोन पोत्यांसाठी तिकडे जायची गरज नाही.

घरचा ठेवायचा तो एन-२-४-१ किंवा भीमा शक्तीसारखा उन्हाळी वाणच ना, हे आधी बघा. लाल कांदा कितीही जपलात तरी दिवाळीचा होळीला निघत नाही. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडलं होतं का? माना पडल्यावर काढला का? पातीसकट शेतात सुकवून, मान इंचभर ठेवून कापला का? जाड मानेचे आणि जोड कांदे निवडून आधी खाऊन टाका, ते थांबत नाहीत. पोती शिवून एकावर एक रचू नका. फळ्यांवर किंवा जुन्या खाटेवर पसरा, खालून वारा लागू द्या, बटाट्यांची टोपली दूर न्या, आणि दर पंधरा दिवसांनी हात फिरवून मऊ पडलेला कांदा उचला. सालीवरची काळी भुकटी ही बुरशी. एखादा पापुद्रा काढून आतला कांदा कडक निघाला तर त्याच दिवशी भाजीत घाला, रेलिशमध्ये नको. कोंब फुटलेला टाकायचं कारण नाही, कोंब आणि कांदा दोन्ही पिठल्यात जातात.

भाव कधी वाढेल ते मात्र मला विचारू नका. लासलगावात रोज लिलावाला उभे राहणारेही ते सांगू शकत नाहीत.